फडताळाचीं दारें

गेल्या चैत्रापासून दिवाळीपर्यंत आमच्या घरांत एक प्रश्न अनिर्णित पडून होता. जगाच्या तापमानाशीं किंवा नव्या शैक्षणिक धोरणाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. प्रश्न होता तो भिंतींतील फडताळांच्या सहा दारांचा. तीं खरवडून, घांसून, पुन्हां पॉलिश करून वापरावींत, कीं काढून टाकून नवीं बसवावींत? हा विषय मासिकाच्या पानांत मांडण्याजोगा नाहीं असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्यांच्या घरीं अशीं दारें आहेत, किंवा परवांपरवांपर्यंत होतीं, त्यांना आमची अडचण सांगावयास नको. आणि ज्यांचा जन्मच सदनिकेंत झाला त्यांना फडताळ म्हणजे काय येथूनच सांगावयास हवें.

फडताळ हें वस्तुतः घरांतलें सामान नव्हेच. तें भिंतीचें अंग आहे. दीड फूट जाडीच्या वीटचुन्याच्या भिंतींत चौदा इंच खोल कोनाडा सोडावयाचा, त्यांत तीनचार फळ्या बसवावयाच्या, आणि तोंडाशीं सागवानी चौकट उभी करून तिला दोन दारें लावावयाचीं, कीं झालें फडताळ. खोलींतली पाऊलभरही जागा तें अडवीत नाहीं. आमच्या आजोबांनीं १९३६ सालीं नारायण पेठेंत घर बांधिलें, तेव्हां त्यांत अशीं तीन फडताळें ठेविलीं: एक ओटीवर, एक माजघरांत व एक माडीवर. आमच्या चिरंजिवांच्या भाषेंत तीं सर्व 'वॉर्डरोब' झालीं आहेत. पण नांव बदलल्यानें खोली वाढत नाहीं, ही गोष्ट पुढें आडवी आली.

या दारांच्या आयुष्यांत मोठी अशी एकच घटना घडली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणही गेलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. आमच्या ओटीवर तें साडेचार फूट चढलें. आमचा जन्म त्यानंतर सात वर्षांचा. परंतु त्या दिवसाची हकीकत आम्हीं वडिलांच्या तोंडून इतक्या वेळां ऐकिली आहे कीं, उद्यां कोणी साक्षीस उभें केलें तर उलटतपासणींतही आम्ही डगमगणार नाहीं. पाणी ओसरल्यावर घरांत वीतभर गाळ राहिला. दारें बिजागऱ्यांवरून उतरविलीं, अंगणांत झाडूनें घांसून धुतलीं, पावसाची उघडीप पाहून भिंतीशीं उभीं करून वाळविलीं आणि पुन्हां चढविलीं. एकही फळी तडकली नाहीं. मात्र साडेचार फुटांवर एक काळसर रेघ उमटून राहिली, ती साबणानें जाईना कीं राखेनें जाईना. तेव्हां आजोबांनीं बाहेरच्या बाजूस हिरवा तेलरंग देवविला. आंतल्या बाजूस रंग द्यावयास पैसे पुरले नाहींत, कीं आंत कोण पाहतो असा विचार त्यांनीं केला, तें आतां कळण्यास मार्ग नाहीं. आंतलें सागवान उघडेंच राहिलें.

एकदां रंगाची संवय लागली म्हणजे ती सुटत नाहीं. आत्याच्या लग्नांत हिरव्यावर करडा चढला, आमच्या मुंजींत आकाशी, आमच्या लग्नांत बदामी. आधींचा रंग खरवडण्याचे कष्ट कोणींच घेतले नाहींत. परिणाम असा कीं, दारांच्या कडा गोल झाल्या, फळ्यांच्या खोबणी बुजल्या, आणि मृगाचा पहिला पाऊस पडतांच माजघरांतील दार चौकटींत जें रुतून बसे, तें थेट हस्तापर्यंत हिसका दिल्यावांचून उघडत नसे.

घरांत पक्ष कसे पडले तें सांगितलें पाहिजे, कारण ते अपेक्षेप्रमाणें पडले नाहींत. वृद्ध माणसें जुन्याचीं अभिमानी व तरुण नव्याचीं भोक्तीं असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या घरीं 'तीं दारें एकदां काढून टाका' असा पहिला निर्वाळा दिला तो आमच्या ब्यायशीं वर्षांच्या मातुश्रींनीं. १९६६ सालीं त्या या घरांत आल्या. तेव्हांपासून रोज पहांटे माजघरांतलें फडताळ उघडण्याचें काम त्यांचें. "तुला काय होतंय जुनं जपायला? तुझी पुस्तकं माडीवर, तुझे कपडे इस्त्री होऊन खुंटीवर. श्रावणांत हें दार ओढतांना माझा खांदा निखळतो," असें त्यांनीं आम्हांस ऐकविलें. आम्ही निरुत्तर झालों. जुन्या दाराविषयींची भक्ति, तें दार दिवसांतून किती वेळां उघडावें लागतें याच्या व्यस्त प्रमाणांत असते, असा एक सिद्धांत तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून आहे. वाड्यांच्या ऱ्हासाविषयीं हळहळ व्यक्त करणारे आमचे बहुतेक स्नेही कोथरूडांत चौथ्या मजल्यावर राहतात, याचाही उलगडा त्यानें होतो.

चिरंजिवांचा पक्षही नव्याचा, पण कारण निराळें. फडताळ केलें गेलें तें घडीच्या कपड्यांसाठीं. धोतर, लुगडें, पंचा, उपरणें हीं सारीं घडी घालून ठेवावयाचीं वस्त्रें. तीं चौदा इंचांत सुखानें मावतात. आजचें वस्त्र टांगावें लागतें, आणि टांगलेल्या सदऱ्याला भुजा असल्यामुळें त्याला बावीस इंच तरी हवेत. तेव्हां दार कितीही सुंदर पॉलिश केलें तरी तें सदऱ्याच्या खांद्यावर लागणार नाहीं, हें म्हणणें खोडून काढण्याजोगें नव्हतें. आमच्या सौभाग्यवती रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांची हरकत खरवडण्यालाच होती. पूर्वीच्या तेलरंगांत शिशाचा सफेदा सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपुरतें मर्यादित करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्याआधींच्या चार थरांत काय काय असेल कोण सांगणार? रंग जागेवर घट्ट आहे तोंवर त्यापासून फारसा उपद्रव नाहीं. काचकागदानें कोरडा घांसला कीं त्याची धूळ घरभर पसरते, आणि शिसें लहान मुलांच्या मेंदूस अत्यंत घातक. आमची नात दोन वर्षांची आहे व हाताला लागेल तें तोंडांत घालण्याच्या विद्येंत पारंगत आहे. दारांच्या चर्चेंत एवढी गंभीर बाब निघेल असें आम्हांस वाटलें नव्हतें.

अशा वेळीं अध्यापक माणूस जें करतो तेंच आम्हीं केलें. म्हणजे निर्णय लांबणीवर टाकून वाचन सुरू केलें. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्यास या विषयावर आधार शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार करण्याची एक लाट आली होती. तींत भिंतींवरचा गिलावा खरवडून दगड उघडा करीत, आणि शतकांच्या खुणा पुसून इमारत मुळांत जशी असावी असें वाटे तशी करून ठेवीत. या प्रकारास विटून विल्यम मॉरिस यानें १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. तिला तो विनोदानें 'खरवडविरोधी' अशा अर्थाच्या नांवानें संबोधीत असे. जीर्ण वस्तूची रोजची निगा राखा, पण तिला तरुण करण्याच्या भरीस पडूं नका, असें त्याचें थोडक्यांत सांगणें. हें आम्हीं एका रात्रीं जेवतांना मोठ्या उत्साहानें विशद केलें. "मॉरिसला श्रावणांत लुगडें काढावं लागत नव्हतं," एवढाच अभिप्राय पानावरून आला, आणि विषय आमटीकडे वळला.

सागवानाची गोष्ट मात्र आम्हीं मनापासून वाचली. हें लांकूड टिकतें तें त्याच्या गाभ्यामुळें. गाभ्यांत एक तेलकट द्रव्य मुरलेलें असतें. तें वाळवीस रुचत नाहीं व पाण्यासही सहजासहजीं आंत शिरूं देत नाहीं. बाहेरच्या फिकट भागाला हें संरक्षण नसतें, म्हणून सागवान आहे एवढ्यावर विसंबून चालत नाहीं. सागवानांतलें कोणतें, हें पाहावें लागतें. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें १८१७ सालीं बांधिलेलें 'त्रिंकोमली' हें सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाण्यावर आहे. दोनशें वर्षें समुद्र ज्यानें सोसला, त्याच्या जातभाईनें मुठेचें पाणी सोसलें यांत नवल तें काय! परंतु लांकूड कितीही उत्तम असलें तरी तें हवेंतली ओल पितें व फुगतें. आणि फुगतें तें आडवें, लांबींत जवळजवळ मुळींच नाहीं. जुन्या सुतारांनीं दाराची रचनाच मुळीं यावर तोड म्हणून केलेली आहे. चारी बाजूंच्या पट्ट्या कुसूं घालून एकमेकींत पक्क्या बसवावयाच्या, आणि मधली रुंद फळी मात्र खोबणींत मोकळी सोडावयाची. तिला खिळा नाहीं, सरस नाहीं. पावसाळ्यांत ती आपल्या खोबणींत फुगेल, उन्हाळ्यांत आंखडेल, आणि दाराचें माप जसेंच्या तसें राहील. कोणा अनामिक कारागिरानें शेंकडों वर्षांपूर्वीं काढिलेली ही युक्ति आम्हांस एखाद्या चांगल्या वाक्यरचनेसारखी वाटते.

नव्या मालावरही अन्याय होऊं नये म्हणून आम्ही दोन दुकानें फिरून आलों. प्लायवूडविषयीं आमच्या मनांत जो पंतोजीचा तिरस्कार होता तो तेथें पुष्कळ कमी झाला. पातळ पापुद्रे एकाआड एक उभेआडवे ठेवून चिकटविल्यामुळें एकाचें फुगणें दुसरा आवरून धरतो. म्हणजे जुन्या सुतारानें जें फळी मोकळी सोडून साधलें, तेंच येथें तिला जखडून साधलेलें आहे. पाण्यांत टिकणाऱ्या प्लायवूडला भारतीय मानकाचा ७१० हा क्रमांक असतो, आणि त्या दर्जाची फळी खरोखर चांगली. परंतु दुकानांत जें डोळ्यांत भरतें तें बहुधा हें नसतें. तें असतें भुशाचें व चुऱ्याचें दाबलेलें पान, त्यावर सागवानाचें छायाचित्र चिकटविलेलें. त्यांतला स्क्रू एकदां सैल झाला कीं पुन्हां धरीत नाहीं, आणि कडेला पाणी लागलें कीं तें भिजल्या पावासारखें फुगतें. विक्रेत्यानें आम्हांस दहा वर्षांची हमी देऊं केली. नव्वदीला पोहोंचलेल्या दारांच्या मालकास ती ऐकून हसूं आलें, हें त्या बिचाऱ्याला कळण्याचें कारण नव्हतें.

खर्चाच्या बाबतींत तरी निकाल लागेल असें वाटलें होतें. पण तेथेंही निराशाच झाली. सहा नव्या दारांचा अंदाज पासष्ट हजार रुपयांचा आला, व जुनीं नीट करण्याचा पंचेचाळीस हजारांचा. जुन्यांत सामान थोडें, मजुरी फार. शिवाय हें काम करणारे हात आतां थोडे उरले आहेत. अंतर इतकें मोठें नव्हतें कीं काटकसरीच्या नांवाखालीं आपला आवडता पक्ष पुढें रेटतां यावा.

अखेर कोंडी फोडली ती मिस्त्रीनें. हा गृहस्थ साठीच्या पुढचा, मितभाषी, जुन्या वाड्यांचीं कामें करणारा. भाद्रपदांत तो पाहावयास आला. माजघरांतल्या दाराला त्यानें हिसका दिला नाहीं. पटाशीच्या टोंकानें कडेवरचा एक टवका उडविला, आणि तो तळहातावर घेऊन आम्हांस दाखविला. बदामी, आकाशी, करडा, हिरवा. मध्यें मध्यें लांबीचे पांढरे थर. टवका दोन रुपयांच्या नाण्याएवढा जाड होता. "सर, दार फुगलेलं नाहीं, जाड झालंय," तो म्हणाला. मग स्टुलावर चढून त्यानें दाराच्या माथ्यावरून बोट फिरविलें. चारही वेळां रंगाऱ्यांनीं दिसतें तेवढें रंगविलें होतें; माथा व तळ कोरडे सोडले होते, आणि लांकूड पाणी पितें तें नेमकें या कापलेल्या तोंडांनीं. वर नाकबंदी नाहीं व कडांना चिलखत, अशी त्या दाराची अवस्था. कडांवरचा रंग काढून माथा व तळ बंद केले कीं दार बोटानें उघडेल, असें त्यानें सांगितलें. मातुश्री माजघराच्या उंबऱ्यांतून ऐकत होत्या. "बोटानं?" त्यांनीं विचारलें. "बोटानं, आजी," मिस्त्री म्हणाला.

तें दार त्यानें उतरवून उजेडांत नेलें, तेव्हां आंतली बाजू बऱ्याच वर्षांनीं नीट दिसली. पुराची रेघ तेथेंही होती. आणि तिच्या वर, उघड्या सागवानावर, शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं बारीक अक्षरें होतीं. तो परटाचा हिशेब होता, आमच्या आजीच्या हातचा. धो. ४, लु. २, सदरे ३, पंचे ५, अशा ओळींमागून ओळी, प्रत्येकीपुढें तिथि. एके ठिकाणीं 'पंचा १ हरवला, वजा २ आणे' असा शेरा. रेघेखालीं कांहीं नाहीं. तेथला हिशेब गाळाबरोबर घांसला गेला. हीं अक्षरें तेथें आहेत हें आम्हां सर्वांस ठाऊक होतें, आणि ठाऊक असल्यामुळेंच तीं कोणी वाचलीं नव्हतीं. मातुश्रींनीं चष्मा मागविला व वरपासून वाचीत आल्या. मग म्हणाल्या, "दोनच लुगडीं. घरांत बायका चार होत्या तेव्हां. सासूबाई बाकीचीं स्वतः धुवायच्या. मला कधीं बोलल्या नाहींत." थोडा वेळ थांबून त्यांनीं आम्हांस बजाविलें, "बाहेरून काय हवं तें करा. आंत हात लावायचा नाहीं."

आतां अडचण उलट बाजूनें आली. दाराच्या एकाच अंगास पॉलिश चढविलें व दुसरें कोरडें ठेविलें, तर दोन्ही अंगें सारखी ओल पीत नाहींत आणि फळीस बांक येण्याचा संभव असतो. आंतूनही कांहीं लावणें इष्ट; आणि लावावयाचें तर आधीं घांसणें आलें, म्हणजे हिशेब गेला. येथें सौभाग्यवतींचें रसायनशास्त्र उपयोगीं पडलें. आपलें जुनें पॉलिश म्हणजे स्पिरिटांत विरघळविलेली चपडा लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर एक इवलासा किडा ही लाख करतो. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्या संशोधनाची संस्था आहे, आणि ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असे. पेन्सिलीचीं व कोळशाचीं चित्रें पुसलीं जाऊं नयेत म्हणून चित्रकार त्यांवर लाखेचेंच पातळ पाणी फवारीत. पेन्सिलीचें शिसें हें खरें शिसें नसून कोळशाचाच भाऊ असल्यामुळें तें स्पिरिटांत विरघळत नाहीं. तेव्हां न घांसतां, नुसती धूळ फुंकून, वरून पातळ लाख फवारली तर अक्षरें जातील कशीं? उलट कायमचीं बसतील. मिस्त्रीनें आधीं फडताळाच्या एका जुन्या फळीवर पेन्सिलीनें स्वतःचें नांव लिहून प्रयोग केला. नांव राहिलें.

लाखेचा आणखी एक गुण आम्हांस फार आवडला. नवा हात जुन्या हातांत विरघळून एकजीव होतो. त्यामुळें दहा वर्षांनीं डाग पडला तर तेवढ्यापुरता पुन्हां हात देतां येतो. आजकालचें मेलामाईन किंवा पॉलियुरेथेनचें पॉलिश पाण्याला व गरम भांड्याला याहून अधिक दाद देत नाहीं हें खरें, पण तें बिघडलें कीं सगळें खरवडावें लागतें. (मिस्त्रीच्या शब्दकोशांत उकळलेल्या जवसाच्या तेलाला 'बेलतेल' म्हणतात. बेलाच्या झाडाशीं त्याचा संबंध नसून इंग्रजी 'बॉइल्ड'चाच हा मराठी अवतार असावा, असा आमचा तर्क आहे. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनीं सुतारांस शरण जावें.)

काम दसऱ्यानंतर निघालें, कारण दमट हवेंत लाखेचें पॉलिश पांढरें पडतें. रंग काढला तो अंगणांत, कोरडा न घांसतां, औषध लावून ओला खरवडून. खरवड पिशवींत भरून बांधली, आणि तेवढे आठ दिवस नात आजोळीं पाठविली. ओटीवरच्या दारांचा रंग निघतांच बाहेरची रेघ वर आली. ती ऑक्झॅलिक आम्लानें पुष्कळशी फिकी करतां येते असें मिस्त्री म्हणाला. आम्हांस ती राहावी असें वाटत होतें. "पुराचं पाणी पाहुण्यांना कशाला दाखवायचं?" असें मातुश्रींनीं म्हटलें, ती फिकी केली. माजघराच्या दारांच्या आंत ती आहे तशी आहे.

माडीवरचें फडताळ मात्र गेलें. गच्चीची ओल तेथें वर्षानुवर्षें उतरत होती. खालच्या आडव्या पट्ट्या पांढऱ्या लांकडाच्या निघाल्या, आणि वाळवीनें त्यांचा आंतून कागद केला होता. त्या जागीं ७१० क्रमांकाच्या प्लायवूडचें, भिंतीबाहेर आठ इंच आलेलें कपाट झालें असून चिरंजिवांचे सदरे त्यांत ऐसपैस लटकत आहेत. उतरविलेल्या दारांच्या वरच्या दोन फळ्या निकोप होत्या. त्या चांगल्या भावानें घेण्यास मिस्त्री तयार होता. पण सत्यनारायणाला दरवर्षीं चौरंग शेजारून मागून आणावा लागतो, तेव्हां त्या फळ्यांचा चौरंग करावा असा हुकूम माजघरांतून सुटला. फळ्या जोडून झाल्या आहेत. पाय कांताऱ्याकडे गेलेले अद्याप यावयाचे आहेत.